गोलकीपर, जरा इकडे बघा!

भिवंडीतल्या कामतघरच्या हरेशने एकदा ठरवलं की ठरवलं! "मी आता हळदीचे फोटो काढनार न्हाय," त्याने जेवता जेवता जाहीर केलं. "आता फकस्त फुटबॉल!"

बायकोच्या, मेघालीच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची ती शेगडीखाली पडली. "तुमाला येतो फुटबॉल?"

"खेलायचा न्हाय गं, टिपायचाय! बघ तू, पुढल्या सीझनला नवऱ्याचं नाव पेपरात, फोटोखाली, बारीक अक्षरात!"

"बारीक कशाला?"

"तिथं बारीकच असतं. मोठ्या मानसांचं बारीकच असतं!"

आता हरेश हा काही साधासुधा फोटोग्राफर नव्हता. कामतघरपासून पूर्णापर्यंत त्याच्याशिवाय लग्न लागत नसे. मांडवात सगळं त्याच्या हुकमाने चालायचं. त्याने "थांबा!" म्हटलं की भटजी मंत्र गिळायचे, काझीसाहेब कलम हातात धरून बसायचे. "हार नीट दिसला न्हाय, परत घाला!" म्हटलं की नवरा मुकाट्याने हार काढायचा, नवरी मुकाट्याने परत घालायची. हळूहळू साऱ्या भिवंडीला वळणच पडलं होतं. हरेशचा आवाज आला की माणसं हातातली प्लेट लपवायची, पोट आत घ्यायची आणि हनुवटी वर करायची. हे एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे जो हाहाकार झाला त्याचं मूळ इथे आहे.

त्याच्या डोक्यात फुटबॉल घातला तो उन्नतीने. ती त्याची शाळेतली वर्गमैत्रीण. आता मुंबईत एका पेपरसाठी सामन्यांचे फोटो काढायची, नाव कमावून होती. येत्या मोसमासाठी तिला सोबत एक फोटोग्राफर हवा होता.

"आधी आपल्या गावचे सामने काढून बघ," ती फोनवर म्हणाली. "गोलच्या मागे बस, अगदी जमिनीलगत. फ्रेममध्ये बॉल पाहिजे आणि चेहरा पाहिजे. फ्लॅश चुकूनही मारू नकोस. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, तू तिथे आहेस हे कुणाला कळताच कामा नये!"

"कलनार न्हाय!"

"हरेश, मी तुला ओळखते."

"अगं, मैदानातल्या मुंगीलाबी कलनार न्हाय!"

"मग या शुक्रवारची फायनल काढ आणि संध्याकाळी फोटो पाठव. मला त्याच दिवशी पेपरला नाव कळवायचंय."

नेमकी त्याच शुक्रवारी मेघालीच्या चुलतभावाची, कुणालची हळद होती. हरेशने काय करावं? ती हळद सरळ शेजारच्या स्टुडिओतल्या भाविकला देऊन टाकली! सासरवाडीला धक्काच बसला. घरचा जावई फोटोवाला आणि हळदीला बाहेरचा माणूस? सासूबाईंनी तर फोनच आपटला.

"आज जर तुमचं काम झालं न्हाय," मेघाली म्हणाली, "तर मी माहेरी कंच्या तोंडानं जाऊ?"

"पेपरवाल्याची बायको म्हनून जा!" हरेशने सांगितलं, आणि भाड्याने आणलेली भलीमोठी लेन्स खांद्याला लावली. जमिनीलगत बसायला काहीतरी हवं, म्हणून देवघरामागचा पाटही काखेत मारला. याच पाटावर बसून त्याला स्वतःला हळद लागली होती.

शुक्रवारी कापडाचे लूम बंद, त्यामुळे निम्मा निजामपुरा मोहल्ला मैदानावर लोटला होता. एकीकडे लूमवाल्या हाशिमभाईंची निजामपुऱ्याची टीम, दुसरीकडे लडकूशेठची पूर्णाची, गोडाऊनमध्ये माल चढवणाऱ्या पोरांची. हरेशने आल्याबरोबर पाहुण्यांचे गुच्छ घेतानाचे फोटो काढले. मग हाशिमभाईंचे भजी खातानाचे. सवय! मग शिट्टी वाजली, खेळ सुरू झाला आणि हरेश हादरला.

हे लोक थांबतच नव्हते!

त्याने आयुष्यात पहिल्यांदा न थांबणारी माणसं पाहिली. डावीकडे लेन्स नेली तर बॉल उजवीकडे, उजवीकडे नेली तर सगळेच डावीकडे! बऱ्याच वेळाने त्याने कॅमेऱ्यात काय आलंय ते पाहिलं. कुणाचातरी एक पाय, बरंचसं गवत, आणि कुंपणापलीकडच्या एका बकरीचा अतिशय सुंदर, स्पष्ट फोटो. बकरी थांबली होती ना!

एवढ्यात पूर्णाला, हरेश उभा होता त्याच कडेजवळ, फ्री किक मिळाली. अडवायला निजामपुऱ्याची पोरं खांद्याला खांदा लावून भिंतीसारखी उभी राहिली. अगदी हरेशच्या समोर, तोंडं त्याच्याकडे. अहो, त्याचा जीव भांड्यात पडला! शेवटी माणसं थांबली होती! पण उभी कशी? उंच पोरगा मध्येच, बुटका त्याच्या मागे झाकलेला, एकाची कॉलर वाकडी. हरेशला ते बघवेना.

"उंच मागं, बुटके पुढं!" त्याच्या तोंडून निघून गेलं. "पुढचे खाली बसा!"

आणि बसले! पुढचे गुडघ्यावर बसले, मागच्यांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकले, ज्याची कॉलर वाकडी होती त्याने सरळ केली. पूर्णाच्या पोराने किक मारली. बॉल सगळ्यांच्या डोक्यावरून गेला, दणकन आडव्या खांबावर आदळला आणि बाहेर पडला. निजामपुऱ्याची पोरं बसल्या जागी हसतच होती.

"अरे, ये कौन है?" हाशिमभाईंच्या हातातलं भजं गळालं. "बारात में आया है क्या?"

रेफरी होते शाळेतले कुमार सर. ते धावत आले. "तू फोटोग्राफर ना? मग फोटो काढ! माणसं कशाला लावतोस?"

"सर, लाइन वाकडी दिसत होती."

"तिकडे गोलमागे जाऊन बस! आणि तोंड बंद!"

हरेशला वाईट वाटलं म्हणता? छे! उन्नतीने सांगितलेली जागा आपणहून चालून आली होती! त्याने गोलच्या जाळीमागे पाट मांडला, मांडी घातली आणि तोंडात चक्क रुमाल धरला. आता आवाज निघणं शक्यच नव्हतं.

मध्यंतरानंतर त्या गोलमध्ये येऊन उभा राहिला निजामपुऱ्याचा गोलकीपर जिब्रान. हा हाशिमभाईंचा पुतण्या, आणि हरेशचं अलीकडचं गिऱ्हाईक. गेल्याच थंडीत हरेशने त्याचं लग्न टिपलं होतं. "दुल्हेमियाँ, इधर देखो! ठोडी ऊपर!" करत त्या गरिबाला पूर्ण संध्याकाळ हनुवटी वर करून स्टेजवर उभं केलं होतं. जिब्रानने त्याला पाहून मान डोलावली आणि मैदानाकडे तोंड केलं.

म्हणजे हरेशकडे पाठ! जिब्रानने एक बॉल अडवला, पाठमोरा. दुसरा झेप घेऊन धरला, तोही पाठमोरा. फोटो एकाहून एक येत होते, पण चेहराच नाही! लग्नाच्या अल्बममध्ये नवरदेवाची नुसती पाठ दिली असती तर लोकांनी त्याला गावात ठेवलं असतं का? वेळ संपत आली. दोन्हीकडे एकही गोल नाही. उन्हं उतरली होती, सगळं मैदान पिवळं सोनं झालं होतं.

आणि पूर्णाच्या कुणीतरी लांबून, अगदी वाटेल तसा, एक बॉल मारला. तो जोरात नव्हता. लचकत, टप्पे खात, सरळ जिब्रानकडे येत होता. पाळण्यातल्या मुलानेही धरला असता. हरेशने लेन्समधून पाहिलं. ऊन कसं सुरेख! बॉल फ्रेमच्या मधोमध! जाळीची नक्षी! सगळं जमून आलं होतं आणि नव्हता तो चेहरा.

रुमाल केव्हा पडला ते त्याला कळलंच नाही.

"दुल्हेमियाँ! इधर! हां... ठोडी ऊपर!"

जिब्रान गर्रकन वळला. पोट आत, हनुवटी वर, एका हातावर दुसरा हात, आणि चेहऱ्यावर लग्नातलं तेच हसू. कॅमेरा खटखटखट वाजला. बॉल त्याच्या पायाजवळून सावकाश आत आला आणि जाळीत येऊन हरेशच्या पाटासमोर थांबला.

सगळ्या मैदानावर अशी शांतता पसरली की काय सांगू! गल्लीतले सगळे लूम एका झटक्यात बंद पडावेत तशी. हाशिमभाई खुर्चीतून अर्धे उठलेले तसेच राहिले. कुमार सरांची शिट्टी तोंडात होती, पण फुंकायचं त्यांना सुचेना. ज्याने गोल केला तो पोरगाही डोक्याला हात लावून उभा होता.

हरेशने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. "फस्क्लास!" तो खुशीत ओरडला. "डोले उघडे आलेत!"

"आया क्या, हरेशभाई?" जिब्रानने हसू न मोडता विचारलं.

"आया, आया!"

"और बॉल किधर है?"

हरेशने खाली पाहिलं.

"अंदर," तो हळूच म्हणाला.

मग मात्र आभाळ फाटलं! पूर्णाची पोरं नाचायला लागली. निजामपुऱ्याची पोरं कुमार सरांवर धावली. सरांनी कानावर हात ठेवले. "बाहेरून कुणी ओरडलं म्हणून गोल रद्द होत नाही!"

"सर," हरेश जाळीमागून म्हणाला, "एक डाव परत घेऊ ना! लग्नात आपन हार परत घालतोच की!"

कुमार सरांनी त्याच्याकडे पाठच फिरवली. त्यांनी शेवटची शिट्टी फुंकली. पूर्णा जिंकली, कप लडकूशेठच्या डोक्यावर गेला आणि निजामपुऱ्याची अख्खी गर्दी हरेशकडे वळली. सगळ्यांच्या पुढे हाशिमभाई, बाह्या सरसावत.

"पकडो उसको!"

मागे कुंपण, पुढे गर्दी, पळायला वाट नाही! घाबरून त्याने तोंडासमोर कॅमेरा धरला आणि सवयीने, निव्वळ सवयीने, ओरडला, "हां, सगले इकडं! एक ग्रुप घेऊ! हाशिमभाई बीच में!"

आणि अहो, गर्दी थांबली! खरंच सांगतो, थांबली! उगारलेले हात खाली आले. उंच मागे गेले, बुटके पुढे बसले. "रुक, बाल ठीक करने दे," कुणीतरी म्हणालं. हाशिमभाई मध्यभागी येऊन टोपी नीट करू लागले. रागाने लाल झालेली ती तोंडं एकामागून एक हसू लागली, आणि त्या सगळ्यांत सुंदर हसत होता जिब्रान. हरेशलाच धक्का बसला. आपल्या आवाजात एवढी ताकद आहे हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं.

"छान! एक और!" म्हणत तो कुंपणाच्या कडेने सरकू लागला. "हिलना मत... हिलना मत..." गेटपर्यंत तो हेच म्हणत गेला, आणि गेटबाहेर उभ्या असलेल्या रिक्षात त्याने उडीच टाकली. रिक्षा वळली तेव्हाही मैदानात कुणी हललं नव्हतं.

घरी आल्या आल्या त्याने निवडक फोटो पाठवले. मेघाली हळदीसाठी पिवळी साडी नेसून तयार बसली होती. "झालं काम?" तिने विचारलं. त्याने बोट ओठांवर ठेवलं, कारण उन्नतीचा फोन आला होता.

"हरेश, ही फायनल होती?"

"हो तर!"

"मग हे सगळे माझ्याकडे बघून हसतायत का? एकाही फोटोत कुणी खेळत नाहीये! आणि हा गोलकीपर... अरे देवा! त्याच्या मागून बॉल आत येतोय! तू काय बोललास त्याला?"

हरेशने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हरेश?"

"ठोडी ऊपर."

मग उन्नती म्हणाली, "इतकी वर्षं काम करतेय, असा फोटो मी कधी पाहिला नाही."

"म्हंजे काम पक्कं?"

"म्हणजे मी तुला कुठल्याही मैदानाच्या आसपास फिरकू देणार नाही!"

फोन बंद झाला. हरेश भिंतीला टेकून खाली बसला. त्याला खरंच रडू येत होतं. पेपरातलं नाव गेलं, हळद गेली, आता सासरवाडीला काय सांगायचं? मेघालीने सगळं ऐकलं होतं. ती काही टाकून बोलली नाही. पदर खोचत म्हणाली, "चला उठा. भाविकला लाइट धरायला मानूस पायजेच असंल."

हे ऐकून त्याला आणखीच रडू आलं. तो तोंड धुवायला उठला, तोच परत फोन वाजला.

"हरेश, लडकू बोलतोय पूर्णावरनं. यंदाच्या आमच्या सगल्या मॅची तुलाच!"

हरेश ताठ झाला. "मेघाली, सगल्या मॅची!" त्याने फोनचा स्पीकर चालू केला, तिलाही ऐकू यावं म्हणून. "शेठ, कुटं बसू ते सांगा!"

"समोरच्याच्या गोलमागं. तुझा पाट हितंच ऱ्हायलाय, तो मी सांभालून ठेवलाय."

"येतो शेठ! मोठी लेन्स घेऊन येतो! आनखी एक कॅमेराबी आनतो!"

पलीकडे लडकूशेठ हसले.

"कॅमेरा आनलास तरी चालंल, न्हाय आनलास तरी चालंल," ते म्हणाले. "आवाज तेवढा घेऊन ये!"