सेक्टर बावीसचे चार चौक

चंदीगडात माणूस हरवूच शकत नाही, हे चांगदेवनं दौंड स्टेशनवर गाडीची वाट बघता बघता सगळ्यांना पटवून दिलं. ते शहर आपल्या गावासारखं वाटेल तसं पसरलेलं नाही. आधी कागदावर पट्टीनं रेघा मारल्या, मग त्या रेघांवर रस्ते केले, मग माणसं आणून बसवली. प्रत्येक भागाला नंबर. एका शहरात दोन राज्यांची राजधानी, तरी कुठं गर्दी नाही. "डोळं बांधून सोडलं तरी माणूस बरोबर लॉजवर येतो," असं तो म्हणाला. ऐकणाऱ्या पाचही जणांनी माना डोलावल्या. त्यांच्यापैकी कुणालाच चंदीगडला जायचं नव्हतं, पण वाद घालायचं त्राणही कुणात उरलं नव्हतं.

आता पाबळकडच्या एका गावातल्या दूध सोसायटीचे सहा संचालक भर मे महिन्यात चंदीगडला कशाला निघाले, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडच्या माणसाला ते विचारायचीही गरज पडत नाही. सोसायटीचे संचालक अकरा. सोमवारी सकाळी अकरा वाजता त्यांच्यातून चेअरमन निवडायचा होता, तोही चिठ्ठीवर गुप्त मत देऊन. सहा चांगदेवकडं, पाच मारुतरावांकडं. अशा वेळी आपली माणसं समोरच्यानं फोडू नयेत म्हणून मतदानाच्या दिवसापर्यंत त्यांना सहलीवर न्यायचं, ही आमच्याकडची रीत. सहलीला निघताना सगळ्यांचे मोबाइल बंद करून एका पिशवीत गोळा करायचे आणि ती पिशवी म्होरक्याच्या खांद्याला. गेल्या वेळी चांगदेवनं सगळ्यांना महाबळेश्वरला नेलं होतं. दुसऱ्या दिवशी मारुतराव तिथं हजर झाले आणि जाताना दोन संचालक आणि स्ट्रॉबेरीचं खोकं घेऊन गेले. चेअरमनपदही त्यांच्याबरोबर गेलं.

चांगदेव तिसऱ्यांदा व्हाईस चेअरमन झाला. पंधरा वर्षं तो त्या मोठ्या खुर्चीच्या शेजारच्या खुर्चीत बसत आला होता. शेजारच्या खुर्चीला हात नव्हते. आता त्याला चोपन्न पूर्ण झाली होती, गुडघे बोलायला लागले होते, आणि एकदा, एकदाच, हात असलेल्या खुर्चीत बसून बैठक संपवावी एवढीच त्याची इच्छा होती. त्याची बायको प्रतिभा म्हणाली होती, हात असलेली खुर्ची घरात आहे की. पण घरातल्या खुर्चीला बैठकीच्या नोंदीचं प्रोसिडिंग बुक नसतं.

चंदीगड कुणाच्या स्वप्नातही येणार नाही, म्हणून चंदीगड.

तिथं पोचल्यावर चांगदेवनं एक पांढरी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली आणि सगळ्यांना शहर दाखवायला सुरुवात केली. माणसं रिकामी बसली की विचार करतात, आणि विचार करायला लागली की फुटतात, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. त्यामुळं सकाळी सातला उतरवायचं, संध्याकाळपर्यंत चालवायचं. पहिल्या दिवशी सुखना तळं झालं. एवढं पाणी आणि आसपास उसाचं एक कांडं नाही, हे बघून सगळे हळहळले. मग शहराची खूण म्हणून उभारलेला तो लोखंडी पत्र्याचा मोठा उघडा हात झाला, वाऱ्यावर फिरणारा. सहाजणांत सगळ्यात थोरले आण्णा त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिले. आण्णांचं वय अठ्ठ्याहत्तर. "ह्यो बी थांबा म्हनतोय," ते म्हणाले. चांगदेव थांबला नाही.

प्रत्येक ठिकाणी चढताना-उतरताना तो माणसं मोजायचा. त्याचे आजोबा मेंढरं राखायचे, आणि ते म्हणे कधी मोजायचे नाहीत. कळपाकडं नुसतं बघितलं की कुठलं मागं राहिलं ते त्यांना कळायचं. चांगदेवला तेवढी नजर नव्हती. तो मोजायचा. चार पांढऱ्या टोप्या आणि गटातल्या एकट्या बाई, अनसाबाईंचं एक हिरवं नऊवारी. चार आणि एक पाच, सहावा आपण. हा हिशोब त्याला इतका अंगवळणी पडला की टोपीखाली तोंड कुणाचं आहे हे बघायची गरज त्याला वाटेनाशी झाली.

गुरुवारी रॉक गार्डन होती. फुटक्या फरशा, बांगड्यांचे तुकडे, मोडक्या बश्या, वायरी, असल्या टाकाऊ मालातून उभी केलेली माणसं आणि जनावरं बघायला तिथं जगभरातून लोक येतात. अनसाबाईंनी एका बांगड्यांच्या बाईपुढं उभं राहून सांगितलं की यातला निम्मा माल आपल्या उकिरड्यावर पडून आहे आणि आपण उगाच लांब आलो. वाट अरुंद, दरवाजे बुटके. वाकून आत जायचं, वाकून बाहेर यायचं, पुन्हा वाकायचं. पंचविसाव्या दरवाजाला चांगदेवची कंबर सरळ व्हायचं नाव घेईना. बाहेर आल्यावर त्यानं वाकल्या वाकल्याच गाडीत चढणाऱ्या टोप्या मोजल्या. चार. एक हिरवं नऊवारी. गाडी सोडली.

गुलाबाच्या बागेपाशी गाडी थांबली तेव्हा सगळे उतरले, पण मागच्या सीटवरचे आण्णा उतरेनात. टोपी तोंडावर ओढून ते गाढ झोपले होते. चांगदेवनं हळूच टोपी उचलली.

खाली सोपानराव होते.

सोपानराव म्हणजे मारुतरावांच्या गटाचे पक्के माणूस. त्यांनी डोळे उघडले, चांगदेवकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, आणि पुन्हा मिटून घेतले.

"सोपानराव, तुम्ही हितं कसं?"

"मारुतरावांनी आनलं," सोपानराव डोळे न उघडता म्हणाले. "चार दिस झालं, नुसता चालवतोय. बाहेर आलो, पांढरी गाडी दिसली, पांढऱ्या टोप्या दिसल्या, चढलो. तुमची गाडी हाय व्हय ही? सीट चांगली हाय."

चांगदेव पायरीवर बसला. मारुतरावांनाही चंदीगडच सुचलं होतं. पंधरा वर्षं दोघं एकमेकांच्या डोक्यात काय चाललंय याचा अंदाज घेत आले होते, त्याचं हे फळ. पण खरा प्रश्न त्याहून मोठा होता. सोपानराव इथं, तर आण्णा कुठं? आण्णा गेले म्हणजे सहावं मत गेलं. मोबाइल लावावा, तर आण्णांचा मोबाइल चांगदेवच्याच खांद्यावरच्या पिशवीत. आण्णांना लॉजचं नाव ठाऊक नव्हतं, कारण चांगदेवनं ते मुद्दाम कुणालाच सांगितलं नव्हतं.

आण्णा बहुतेक अशाच दुसऱ्या पांढऱ्या गाडीत चढले असणार. चांगदेवनं स्वतःच्या फोनवरून मारुतरावांना फोन लावला. पण आण्णा तुमच्याकडं आहेत का, हे विचारायचं म्हणजे आपण चंदीगडात आहोत हे कबूल करायचं, आणि आपला माणूस हरवला हेही. गावात तर त्यानं तुळजापूरला चाललो असं सांगून ठेवलं होतं.

"काय मारुतराव, कुठं हायसा?"

"घरीच की. गोठ्यात हाय," मारुतराव म्हणाले. त्यांच्या मागं कुणीतरी हिंदीतून कुल्फी विकत होतं. "तुम्ही?"

"तुळजापूरला. रांगेत."

"गर्दी हाय का?"

"हाय की. बाकी सगळं ठीक?"

"ठीक. तुमच्याकडं माणसं सगळी ठीक?"

"सगळी," चांगदेव म्हणाला, आणि दोघांनीही फोन ठेवला.

असे तीन फोन झाले. तिसऱ्या वेळी मारुतरावांनी गोठ्यातल्या कालवडीची तब्येत सविस्तर सांगितली आणि चांगदेवनं अभिषेकाची पावती कशी फाडली ते. तेवढ्यात अनसाबाईंनी फोन त्याच्या हातातून काढून घेतला. अनसाबाई बासष्ट वर्षांच्या. महिलांच्या राखीव जागेवरून दोनदा निवडून आल्या होत्या, आणि दोन्ही वेळा बैठकीत त्यांना सगळ्यांच्या शेवटी बोलू दिलं होतं.

"मारुतराव, आण्णा तुमच्याकडं हायेत. तुमचा सोपानराव आमच्याकडं झोपलाय. उनानं आमचं मुंडकं तापलंय. माणसं बदलून घ्या आन् लवकर मोकळं व्हा."

मग कालवड एकाएकी बरी झाली आणि मारुतराव बोलते झाले.

तळ्यावर भेटू, असं अनसाबाई म्हणत होत्या. तळं रॉक गार्डनच्या शेजारीच. पण चांगदेवनं फोन परत घेतला आणि नाही म्हटलं. दोन्ही गटांची माणसं एका जागी आली की कोण कुणाच्या कानाला लागेल सांगता येत नाही. आपल्या माणसांना त्यानं तळ्याच्या कडेला सावलीत सोडलं, हलायचं नाही म्हणून बजावलं, आणि एकट्या सोपानरावांना घेऊन तो निघाला. भेटायची जागा त्यानंच ठरवली. त्याचं लॉज होतं त्या सेक्टर बावीसचा चौक. मारुतरावांनी आपली माणसं कुठं सोडली, हे त्यानं विचारलं नाही. पंधरा वर्षांत त्याच्या हातून झालेली ही सगळ्यात मोठी चूक.

"बाऊजी, कौन सा चौक?" ड्रायव्हरनं विचारलं. "बाईस के चार हैं."

चांगदेवला वाटलं, हा जादा पैसे मागतोय. समोर दिसेल त्या चौकात घे, असं त्यानं सांगितलं. मधोमध गोल हिरवळ, भोवती झाडं, चारी बाजूंना रुंद रस्ते. कोपऱ्यावर पाटी, बावीस. मारुतराव नव्हते. फोन लावला. मारुतराव म्हणाले, आम्ही चौकातच उभे आहोत, मधोमध गोल हिरवळ आहे, भोवती झाडं आहेत, पाटी बावीसची आहे. दोघंही खरं बोलत होते, पंधरा वर्षांत पहिल्यांदाच, आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता.

चौकोनी सेक्टरला चार कोपरे असतात आणि चारही कोपऱ्यांवर तोच नंबर असतो, हे पट्टीनं आखलेल्या शहराचं वैशिष्ट्य चांगदेवच्या ध्यानात यायला अर्धा तास गेला. मग त्यानं ठरवलं की आपणच पुढच्या चौकात जावं. त्याच मिनिटाला मारुतरावांनीही तेच ठरवलं. दोन्ही गाड्या एकाच बाजूनं निघाल्या, एकाच वेगानं, आणि सेक्टर बावीसला तीन प्रदक्षिणा घातल्या. प्रत्येक चौकात चांगदेव उतरायचा, हिरवळीकडं बघायचा, पुन्हा चढायचा. सोपानराव मागं शांतपणे घोरत होते. चौथ्या फेरीला ड्रायव्हरनं गाडी झाडाखाली लावली, आपला रोटी खाण्याचा वक्त झालाय म्हणाला, आणि निघून गेला.

चांगदेव चौकाच्या कठड्यावर बसला. एवढं थकलेलं त्याला गेल्या कित्येक वर्षांत आठवत नव्हतं. पायांचे दगड झाले होते. खुर्चीची आठवण झाली ती सुद्धा नुसती बसायला म्हणून. तिला हात असले काय आणि नसले काय.

पाच मिनिटांत दुसरी पांढरी गाडी आली. एकजण थांबल्यावर दुसऱ्याला सापडतो, हे दोघांपैकी कुणाला आधी सुचलं नव्हतं.

मारुतराव उतरले तेही लंगडत. दोघांनी गाड्यांचे दरवाजे उघडले आणि आपापल्या माणसाला उतरा म्हणून विनवलं. सोपानराव झोपेत होते. आण्णा जागे होते.

"चांगदेवा," ते म्हणाले, "मला कुनाच्या बी गाडीत ठेव. फकस्त आता उतर म्हनू नगं."

शेवटी माणसं आहेत तिथंच राहू दिली आणि म्होरक्यांनीच गाड्या बदलायचं ठरलं. ड्रायव्हर जेवून येईपर्यंत दोघं कठड्यावर शेजारी शेजारी बसले. कोपऱ्यावरच्या गाडेवाल्याकडून मारुतरावांनी लिंबाचं सरबत आणलं. शाळेत दोघं एका बाकावर होते.

"चांग्या, गुडघ्याला काय लावतो?" मारुतरावांनी विचारलं.

"काय बी लाव, उपयोग न्हाई."

बऱ्याच वर्षांनी दोघं एकमेकांशी खोटं न बोलता बसले होते, आणि ते चांगदेवला बरं वाटलं. पण मतांबद्दल दोघंही बोलले नाहीत. तेवढी मैत्री नव्हती.

तळ्यावर पोचायला चार वाजले. पायऱ्यांवर चांगदेवची चार माणसं बसली होती. त्यांच्याच रांगेत मारुतरावांची तीन माणसं होती. मारुतरावांनी त्यांना रॉक गार्डनबाहेर सोडलं होतं आणि सावली शोधत ती इथवर आली होती. मधोमध अनसाबाई. भेळेचे कागद फिरत होते आणि सगळे मजेत दिसत होते. दोन्ही गाड्या थांबल्या तसं बोलणं थांबलं. चांगदेवनं सवयीनं मोजलं. सहा टोप्या आणि एक हिरवं नऊवारी. सात. सातचा अर्थ काय होतो, हे त्याच्या दमलेल्या डोक्यात शिरलं नाही.

रविवारी दौंडला उतरल्यावर त्यानं पिशवीतले मोबाइल ज्याचे त्याला दिले. सगळे त्याच्याशी फार प्रेमानं बोलले, तेव्हा तरी त्यानं सावध व्हायला हवं होतं.

सोमवारी अकरा वाजता निवडणूक अधिकाऱ्यांपुढं चेअरमनपदासाठी तीन अर्ज आले. चांगदेवचा, मारुतरावांचा, आणि अनसाबाईंचा. चिठ्ठ्या टाकल्या, मोजल्या. अनसाबाईंना नऊ. मारुतरावांना एक. चांगदेवला एक, आणि ते त्याचं स्वतःचं. त्याच्या अर्जावर सूचक म्हणून आण्णांची सही होती. आण्णा त्याच्याकडं न बघता टोपी नीट करत होते.

अनसाबाई हात असलेल्या खुर्चीत बसल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी बोलल्या. आपण चेअरमन असेपर्यंत कुणालाही सहलीला नेलं जाणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या फार मोठ्या पडल्या. सोपानरावांनी उभं राहून वाजवल्या. मग व्हाईस चेअरमनपदाचा विषय निघाला.

"चांगदेव भावजींनाच ऱ्हाऊ द्या," अनसाबाई म्हणाल्या. "मोजन्यात चुकत्यात, पन मोजत्यात तरी."

बिनविरोध झालं. चौथ्यांदा.

संध्याकाळी चांगदेव घरी आला, हात असलेल्या खुर्चीत बसला आणि प्रतिभानं पुढं ठेवलेल्या गरम पाण्याच्या घमेल्यात त्यानं पाय सोडले. ती खुर्ची खरंच चांगली होती. निवडणुकीचं तिला आधीच कळलं होतं, त्यामुळं ते तिनं विचारलं नाही. एवढं लांब जाऊन आलात, काय काय बघितलंत, एवढंच विचारलं.

चांगदेवनं घमेल्यातले पाय जरा हलवले.

"चौक," तो म्हणाला. "चौक लई चांगले हायेत तिथले."