लिफ्ट बंद आहे, ‘फुगडी’ फॉन्टमध्ये

अक्षर वाचण्यासाठी असतं, हा फार जुना गैरसमज आहे. अक्षर बघण्यासाठी असतं, हे इंदूरच्या आमच्या स्नेहकुंज सोसायटीने सप्रमाण सिद्ध केलं आहे. मी कमिटीचा सदस्य आहे, त्यामुळे अभिमान आवरत नाही.

सोसायटीतल्या वल्लरीने (डिझाइन शिकते) हाताने रेखाटून एक फॉन्ट केला, ‘फुगडी’. त्यातला काना झोके घेतो, वेलांटीला वेणी आहे, अनुस्वार गाल फुगवून बसतो आणि ‘ठ’ पोटभर जेवून आडवा झालेला दिसतो. सेक्रेटरी रघुवीरजींनी तो बघितला आणि त्याच बैठकीत ठराव झाला: यापुढे सर्व सूचना फुगडीतच. परिणाम तत्काळ दिसला. ‘गच्चीवर जाण्यास सक्त मनाई’ हे वाचून अकरा कुटुंबं गच्चीवर गेली (शेव घेऊन). शोकसभेला लोक इतक्या उत्साहाने आले, की पोहे-जिलबी मागवावी लागली.

चौथ्या मजल्यावर सुलोचनाताई राहतात. निवृत्त शिक्षिका, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि लिफ्ट पाच आठवडे बंद. रविवारी त्यांच्या बालमैत्रिणीचा, राजवाड्यामागच्या शांताबाईंचा, पंचाहत्तरावा वाढदिवस होता. ताईंनी कमिटीला सात अर्ज दिले. अक्षर साधं असल्यामुळे ते साहजिकच कोणी वाचले नाहीत.

“आजी, टेन्शन मत लो,” वल्लरी म्हणाली, “आता बघा, सगळे वाचतील.” आणि आठवा अर्ज फुगडीत निघाला: ‘लिफ्ट सुरू करा. मला शांताकडे जायचंय.’

काय सांगू, भरून आलं! ग्रुपवर तीनशे बारा अंगठे. फॉन्ट कुठे मिळेल, असं विचारणारे एकोणीस. लिफ्टबद्दल विचारणारे शून्य. रघुवीरजींनी अर्ज मोठा छापून लिफ्टच्याच दारावर चिकटवला. “वैसे भी दार उघडत नाहीये,” ते म्हणाले. गुरुवारी मेकॅनिक आला, “क्या बात है भिया!” म्हणाला, फोटो काढला आणि परत गेला. इतकं देखणं दार उघडायला त्याचा हात धजेना.

रविवारी कमिटीने ताईंना ‘सर्वोत्कृष्ट अर्ज’ पुरस्कार जाहीर केला. समारंभ खाली, पार्किंगमध्ये.

“सुलोचनाजी, बस दोन मिनिटं नीचे या!” रघुवीरजी माइकवरून ओरडले.

ताई गॅलरीत आल्या. महेश्वरी साडी, हातात पर्स, भेटवस्तूची पिशवी. “अहो, खाली येता आलं असतं तर अर्ज कशाला केला असता?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. (ते वाक्य आता टी-शर्टवर मिळतं, फुगडीत.) खुर्चीत बसवून त्यांना उतरवू या, असं कोणीतरी सुचवलंही. पण सगळ्यांच्याच हातात मोबाईल होते. संध्याकाळी शांताबाईंनी ताईंना फोनवरच केक दाखवला.

हसताय ना? हसा, आम्हीही हसलो. अनुस्वाराचे गाल तुम्हाला अजून आठवताहेत. आता मागे न बघता सांगा, ताई कितव्या मजल्यावर अडकल्या आहेत?