सगुणबाबांचे चौदा मजले

सगुणबाबांच्या घराची कौलं तीन ठिकाणी गळतात. तिथे त्यांनी तीन भांडी ठेवली आहेत आणि विषय संपवला आहे. मात्र टीव्हीवर बंगळुरात पाणी तुंबल्याची बातमी आली, की ते तडक कुंपणापाशी येऊन मला हाक मारतात, "टीचर, आमच्या बेसमेंटात पाणी शिरला काय गे? मोबाइलात बघ जरा."

हे बेसमेंट बंगळुरातल्या एका चौदा मजली काचेच्या ऑफिस-इमारतीचं. सगुणबाब तिचे मालक आहेत. म्हणजे हजारो मालकांतले एक. त्यांच्या वाट्याला नेमकं काय येतं ते मी एकदा हिशेब करून सांगितलं होतं. लिफ्टसमोरची एखादी फरशी, तीही पुरती येईल की नाही शंका. मला वाटलं, हिरमुसतील. ते म्हणाले, "फरशी तर फरशी. पण बऱ्या जाग्यार असा मां?"

सगुणबाब आमचे शेजारी. पेडण्याचेच, पण नोकरी सगळी डिचोलीला, एका खाणीच्या ऑफिसात ट्रक तोलायच्या काट्यावर. रिकामा ट्रक किती, भरलेला किती, हे बघण्यात तीस वर्षं गेली, त्यामुळे जगातल्या कुठल्याही प्रश्नावर त्यांचं एकच उत्तर असतं: "काट्यार घालून बघ." माझ्या भाचीचं लग्न ठरत होतं, तेव्हा पत्रिका दाखवायला म्हणून त्यांच्याकडे गेले, तर म्हणाले, "पत्रिका कसली बघतंस? नवऱ्याक काट्यार घालून बघ. रिकामो असताना किती आणि घोट घेतल्यार किती!" भाचीच्या आईने त्यानंतर वर्षभर त्यांना चहा विचारला नाही.

निवृत्त झाल्यावर हातात रक्कम आली, तशी सल्ला देणाऱ्यांची रांग लागली. विमानतळ झाल्यापासून आमच्या तालुक्यात ज्याच्या-त्याच्या तोंडी फ्लॅट. कालपर्यंत मिरची लावणारा माणूस आज दिल्लीवाल्यांना किल्ल्या देताना दिसतो. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, की सगुणबाबांनीही एक फ्लॅट घ्यावा, भाड्याने द्यावा, आणि तो सुलक्षाच्या नावावर करावा.

सुलक्षा ही त्यांची एकुलती एक मुलगी, माझी विद्यार्थिनी. हुशार आणि बापासारखीच हट्टी. बंगळुरात इंजिनियर आहे. आई गेली तेव्हा बाराव्याला घरी होती. नोकरी सोड, इथे राहा, असं सगुणबाब धरून बसले. ती नाही म्हणाली. मग यांचा तोल गेला. "त्या काचेच्या खोक्यात असा काय तुझा?" असं ते ओरडले ते आमच्या स्वयंपाकघरात ऐकू आलं. ती बॅग घेऊन गेली. त्यानंतर दोन चवथी झाल्या, गणपतीलाही ती आली नाही. रविवारी फोन करते. "जेवलंस?" "जेवलें. तुम्ही?" "जेवलंय." तेवढ्यावर फोन बंद.

म्हणून तो फ्लॅट. नावावर काही असलं म्हणजे त्या निमित्ताने तरी पोर गावी येत-जात राहील, असं सगळ्या वाड्याला वाटत होतं. मलाही. आणि सगुणबाबांनी काय करावं? एके सकाळी ते एका कागदावर एका फंडाचं नाव लिहून घेऊन आले. पुष्कळांचे पैसे एकत्र करून हा फंड मोठमोठ्या ऑफिसच्या इमारती विकत घेतो आणि येणारं भाडं सगळ्यांना वाटतो. शेअरसारखे त्याचे तुकडे घेता-विकता येतात. सगळी रक्कम त्यात घालायची, म्हणे.

"मुलीसमोर ज्याला खोकं म्हणालात, तसल्याच खोक्यात पैसे घालताय?" मी चिडून विचारलं.

ते म्हणाले, "ऑफिसवालो भाडेकरू बरो गे. नळ गळलो म्हणून माझ्या दारात येवचो नाय."

मी फॉर्म भरला, पण मनातून उतरले ते माझ्या. बायको गेली, मुलगी दुरावली आणि या माणसाला नळाची काळजी!

मालकी आल्यावर मात्र त्यांची चाल बदलली. सकाळी पोदेर पाव घेऊन सायकलवरून आला, की त्याला थांबवून, "आमच्याकडे लिफ्टी सोळा," असं सांगायचे. पोदेर बिचारा त्यांच्या कौलांकडे बघायचा आणि सोळा पाव हवेत का विचारायचा.

कहर झाला तो राखणीला. आमच्याकडे प्रत्येक जागेला एक न दिसणारा राखणदार असतो. वर्षातून एकदा त्याला रोट आणि नारळ द्यायचा आणि चारचौघांत गाऱ्हाणं घालायचं. सगुणबाबांना घोर लागला, की बंगळुरातल्या जागेचा राखणदार कोण? त्यांनी मला फंडाच्या ऑफिसात फोन लावायला लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, चोवीस तास सिक्युरिटी आहे. "ती पगारी झाली," सगुणबाब म्हणाले. शेवटी त्यांनी तोडगा काढला. आपल्या राखणदाराने तिथल्या राखणदाराला निरोप द्यायचा.

गाऱ्हाणं घालायला म्हातारे भिवा गावकर उभे राहिले.

"बा राखणदारा, ह्या सगुणाची बंगळुराक इमारत असा, थंयच्या राखणदाराक तुझो निरोप जावंदे..."

"व्हय महाराजा!" सगळ्यांनी म्हटलं. म्हणावंच लागतं.

"थंयची लिफ्ट मधीच अडकू नये..."

"व्हय महाराजा!"

"थंय काम करतत ती पोरां, चेडवां-झिल, सांजचे सुखरूप आपापल्या घराक पावंदीत..."

"व्हय महाराजा!" यात सगुणबाबांचा आवाज सगळ्यांत मोठा. मला हसू आवरेना, म्हणून मी घरामागे पळाले.

गेल्या महिन्यात ते कुंपणापाशी आले आणि म्हणाले, "टीचर, ता सगळां विकून टाक."

मी मोबाइल उघडला. भाव पडलेला होता. "आता विकलंत तर तोटा होईल."

"होवंदे."

"सगुणबाब, भाडं व्यवस्थित येतंय, इमारत भरलेली आहे. जगाला काट्यावर घालायला सांगता, मग स्वतः घाला की!"

सदऱ्याच्या खिशातून त्यांनी एक चिठ्ठी काढली. तिच्यावर बंगळुरातल्याच दुसऱ्या एका इमारतीचं नाव. "ही खंयच्या फंडाची, बघ." शोधलं. नशिबाने तीही एका फंडाचीच निघाली. "मग आता हेच्यात घाल."

"पण का?"

"सुलक्षाचा ऑफिस हलला," ते म्हणाले. "पयल्या तारखेपासून ता ह्या इमारतीत बसतला."

मी तिथेच पायरीवर बसले. दोन वर्षं मी ज्या चौदा मजल्यांची टिंगल करत होते, ते तिच्या ऑफिसचे होते. सोलं, म्हणजे आमसुलं, पाठवायला म्हणून त्यांनी तिच्याकडून ऑफिसचा पत्ता घेतला होता आणि त्या पत्त्यावरून फंड शोधून काढला होता. नवा पत्ताही तसाच मिळवला होता.

"हंय फ्लॅट घेतलो असतो," ते कुंपणाची काठी कुरवाळत म्हणाले, "तर तेका माझ्यासाठी येवचा पडला असता. मनात नसताना. आता येवक नको. मीच थंय जावन रवलंय."

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. "तिला सांगितलंत?"

"खंयच्या तोंडान सांगू? तूय सांगा नको."

विकलं, तोटा सोसला, नवं घेतलं. न सांगण्याचं वचन मी दिलं आणि दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर घरी येऊन सुलक्षाला फोन लावून मोडलं. सगळं सांगितलं.

ऐकून ती म्हणाली, "टीचर, दोन वर्सां त्या इमारतीत डबो उघडताना माका वाटायचा, हंय आपला म्हणून कोण एक नाय." आणि लगेच म्हणाली, "बाबांकडे फोन दिया."

मी फोन घेऊन कुंपणाकडे धावले. चपला घालायच्याही राहिल्या.