जावकबाईंनी टोपली आणली

"मांजराला सर्दी झाली म्हणून रजा?" साहेबांनी अर्ज दोन बोटांत धरला. "उद्या कुणी कुंडीतल्या रोपाला ताप आला म्हणून मागेल!"

"साधी सर्दी नाही साहेब, श्वसनमार्गाचा संसर्ग आहे. डॉक्टरांची चिठ्ठी जोडलीये," जावकबाई म्हणाल्या.

त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटाला माहीत होतं. बावीस वर्षं बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारून त्या जावकबाई झाल्या होत्या. घरी एकट्याच. तीन दिवसांपूर्वी त्यांनी प्राण्यांच्या निवाऱ्यातून दीड महिन्याचं पिल्लू आणलं, ते शिंकतच घरात आलं. डोळे चिकटलेले, नाक चोंदलेलं. "नाक बंद, म्हणजे वास नाही. वास नाही, म्हणजे ते खाणार नाही," डॉक्टरीणबाईंनी त्याच सकाळी बजावलं होतं. "उद्या दुपारपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर अवघड आहे."

अर्ज नामंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी बाई वेळेवर आल्या, पण हातात टोपली घेऊन. ती त्यांनी सरळ शिक्क्यांशेजारी ठेवली. टोपली शिंकली.

साहेब केबिनबाहेर आले. "हे काय आहे?"

"तुम्ही मला यायला सांगितलंत, मी आले. याला एकटं ठेवता येत नाही, म्हणून हेही आलं."

"ऑफिसात जनावर नियमात बसत नाही!"

"कुठल्या? दाखवा नियम."

साहेबांनी नियमांची फाईल काढायला लावली. शेजारच्या टेबलावरचे आवकनाना स्टुलावर चढले, कपाटावरची धूळ खाली आली आणि सगळं ऑफिस शिंकू लागलं. आता मांजर कोणतं नि माणूस कोण, कळेना. अर्ध्या तासानं नानांना एकच ओळ सापडली. त्यांनी ती मोठ्यानं वाचली, "कार्यालयातील उंदरांच्या बंदोबस्तासाठी योग्य ती व्यवस्था करावी."

"ही घ्या योग्य ती व्यवस्था," बाईंनी टोपलीकडे बोट दाखवलं.

व्यवस्थेच्या अंगात तेव्हा मान वर करण्याचंही त्राण नव्हतं.

साहेब लालबुंद झाले. त्यांनी समोरच्या इमारतीतल्या मुख्य कार्यालयाला तक्रार लिहिली: जावक विभागातील कर्मचारी मांजर बाळगून आहेत, तातडीनं मार्गदर्शन व्हावं. पण बाहेर जाणारा कागद जाणार कुणाच्या हातून? तो बाईंच्याच टेबलावर आला. बाईंनी तो नीट वाचला, त्यातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक सुधारली, 'तातडीचे' असा शिक्का ठणकन मारला आणि शिपायाच्या हाती दिला.

"बाई, थांबवा तरी!" नाना कुजबुजले.

"का? मी काय चोरी केलीये?"

एक वाजता पिल्लाला वाफ द्यायची होती. गरम पाणी फक्त साहेबांच्या केबिनमधल्या बाथरूममध्ये यायचं. बाई टोपली उचलून, "दहा मिनिटं लागतील," असं सांगत साहेबांसमोरून आत गेल्या आणि त्यांनी कडी लावली. साहेबांना नेमकं तेव्हाच जायचं होतं. दार ठोठावणं त्यांच्या हुद्द्याला शोभेना, म्हणून ते अवघडून बसून राहिले. मन दुसरीकडे वळवायला त्यांनी डबा उघडला. आत तळलेले मासे होते.

दार उघडलं. वाफेत न्हाऊन, टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू बाहेर आलं. बाईंनी कापसानं त्याचं नाक पुसलं. ते थांबलं. नाकपुडी हलली. चार दिवसांत पहिल्यांदा त्यानं मान उचलली, साहेबांच्या डब्याकडे पाहिलं आणि चिरक्या आवाजात ओरडलं.

"साहेब," बाई डब्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, "याला वास आलाय. एक तुकडा द्या."

"माझ्या डब्यातला?"

"हो. मसाला काढून. काटा बघा."

का कुणास ठाऊक, साहेबांनी ऐकलं. बोटानं मसाला खरवडून, काटे वेचून त्यांनी तुकडा पुढे केला. पिल्लानं हुंगलं, चाटलं, आणि मग गुरगुरत तो असा ओढला की साहेबांचं बोटही सोबत गेलं.

"खातंय!" साहेब ओरडले. "अहो नाना, या इकडे, खातंय!"

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. साहेब बाथरूमला जायचं विसरले.

तीन वाजता फोन वाजला तेव्हा पिल्लू फायलींवर झोपलं होतं आणि त्याच्या डोळ्यांत थेंब घालायला साहेब चष्मा पुसत होते. फोन मुख्य कार्यालयाचा होता.

"तुमच्याकडे मांजर आहे म्हणे! कुणाच्या परवानगीनं?"

साहेबांनी रिसीव्हर खांद्याशी दाबून धरला आणि एका हातानं पिल्लाची पापणी अलगद वर केली.

"माझ्या," ते म्हणाले. "आणि जरा हळू बोला."