मामाची पिवळी विमानात

भाचीच्या लग्नात मामाला काम तसं एकच असतं, पिवळी न्यायचं. पिवळी म्हणजे मामाकडचं पिवळं पातळ. ते नेसल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही. मांडव, पंगती, रुसवेफुगवे हे सगळं बाकीचे लोक बघतात. मामाने फक्त पातळ घेऊन वेळेवर पोचायचं. जळगाव जामोदचे उकंडराव एवढंच काम अंगावर घेऊन घरातून निघाले होते.

भाची म्हणजे मलकापूरच्या मंजुळाबाईंची रुख्मिणी. मंजुळाबाई ही उकंडरावांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा उकंडराव रांगत होते. बहिणीने त्यांना कडेवर घेऊन वांग्याच्या वाफ्यांना पाणी दिलं, आणि लग्न होऊन सासरी जाताना भावालाही बरोबर नेलं. या बहिणीला काहीतरी मनासारखं द्यावं, अशी उकंडरावांची फार इच्छा. पण ती घेईल तर शपथ! भाऊबिजेची साडीसुद्धा ती दुसऱ्या दिवशी उकंडरावांच्याच बायकोला नेसवून परत पाठवायची. रुख्मिणीची पिवळी मात्र तिला नाकारता येणार नव्हती. म्हणून उकंडराव चांगल्या रेशीमकाठाचं पातळ आणायला थेट नागपूरला गेले.

लग्न मुंबईला होतं. महाराष्ट्र राज्य नवं होतं, मुलगा सचिवालयात नव्याने चिकटला होता आणि त्याला रजा मिळत नव्हती. त्याचे वडील रंगराव मूळचे दुसरबीडचे, पण दादरला राहून मानपानाच्या बाबतीत फारच हळवे झालेले. "लग्न आमच्या दारात, आणि मुहूर्त टळला तर सोयरीक मोडली समजा," असं त्यांनी बैठकीतच सांगून ठेवलं होतं. तेव्हा सगळे हसले, पण रंगराव हसले नव्हते. मुहूर्त दुपारचा होता. मंजुळाबाईंचं वऱ्हाड आदल्या संध्याकाळी मलकापूरला गाडीत बसणार होतं आणि उकंडराव नागपूरहून परस्पर पोचणार होते.

नागपुरात उकंडराव सोजराबाई नावाच्या लांबच्या मावशीकडे उतरले होते. तिने पातळात नारळ, हळकुंड, सुपारी आणि तांदूळ घालून रीतसर ओटी भरली, गाठोडं बांधलं आणि उकंडरावांच्या दोन्ही हातांवर ठेवलं.

"आता हे भरली ओटी झाली," ती म्हणाली. "नवरीकडच्या हाती जाईलोक भुईले टेकवजो नको. टेकली का अपशकुन."

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उकंडराव गाठोडं छातीशी धरून स्टेशनवर गेले, तर मुंबईकडच्या गाड्या बंद. भुसावळच्या पुढे वादळात रुळांवर झाडं आडवी झाली होती, तारा तुटल्या होत्या. गाडी कधी सुटेल ते देवालाच ठाऊक, असं तिथल्या बाबूने सांगितलं. बसून विचार करावा म्हटलं, तर बाक रिकामा नव्हता, आणि गाठोडं घेऊन भुईवर बसायची सोय नव्हती. तेवढ्यात गर्दीतलं कुणीतरी म्हणालं की घाई असणारे लोक उद्या सकाळच्या विमानाने जाऊन राहिलेत. उकंडरावांनी विमान फक्त शेतातून, मान वर करून पाहिलं होतं. तरी त्यांनी आहेरासाठी बांधून आणलेली सगळी पुरचुंडी तिकिटाच्या खिडकीत रिकामी केली.

विमानतळावर सामानाचं वजन करत होते. बाबू म्हणाला, गाठोडं काट्यावर ठेवा. काटा जमिनीवर होता. उकंडराव गाठोड्यासकट स्वतःच काट्यावर चढले. बाबू म्हणाला, आता तुमचं एकट्याचं वजन बघू म्हणजे गाठोड्याचं कळेल. हे उकंडरावांना एकदम पटलं. त्यांनी गाठोडं बाबूच्या हातावर ठेवलं आणि पुन्हा चढले. पण आता बाबूचे दोन्ही हात अडकले, त्यामुळे आकडा लिहायला कुणी उरलं नाही. मागच्या रांगेतून लोक ओरडू लागले, तेव्हा बाबूला हात जोडणंही जमेना. त्याने नुसती मान हलवून उकंडरावांना गाठोड्यासह आत सोडलं.

आत हवाई सुंदरी भेटली. ती नशिबाने मराठी होती, पण पुण्याची. तिने गोड आवाजात सांगितलं की सामान डोक्यावरच्या फळीवर ठेवायचं असतं.

"फळी विमानाची हाय, अन् विमान सद्या भुईवर हाय," उकंडराव म्हणाले. "मंग फळीबी भुईवरच झाली का नाही, ताई? उडू द्या. उडालं का ठेवतो."

ताईंनी थोडा विचार केला. यात चूक कुठे आहे ते त्यांना सापडेना. शेजारच्या खुर्चीत कोटटाय घातलेले एक साहेब कागद वाचत होते, त्यांनीही चष्म्यावरून पाहिलं आणि "तसं बरोबर आहे" असं पुटपुटले. त्यामुळे विमान वर जाईपर्यंत गाठोडं उकंडरावांच्या मांडीवरच राहिलं आणि पट्टा त्या दोघांना मिळून बांधला गेला. विमान वर स्थिरावल्यावर उकंडरावांनी ते फळीवर ठेवलं आणि पहिल्यांदाच हात झटकले. आता साऱ्या आभाळात ते कुठेही ठेवलं तरी चालणार होतं.

एवढ्या मोकळ्या हातांनी काय करावं हे कळायच्या आत विमान वादळाच्या शेपटात सापडलं. ते असं खालीवर होऊ लागलं की उकंडरावांच्या पोटातली भाकरी निघायची तयारी करू लागली. कागदी पिशवीत तोंड घालून ते बसले, ते मुंबई येईपर्यंत. मग ताईंनी जाहीर केलं की विमान उतरत आहे, पट्टे बांधा. उकंडरावांनी उठायचा प्रयत्न केला आणि परत पिशवीत गेले. कसंबसं त्यांनी शेजारच्या साहेबांचा कोट धरला.

"साहेब, मह्या भाचीची पिवळी वर हाय. विमान टेकून राह्यलं. तेवढी हातात घ्या हो, भुईले टेकू देऊ नका."

साहेबांचं नातं कागदांशी होतं, पिवळीशी नव्हतं. पण माणूस इतकं कळवळून मागतो म्हटल्यावर ते उठले, ताईंचं ओरडणं ऐकत त्यांनी गाठोडं काढलं, कसेबसे परत बसले आणि विमान टेकेपर्यंत ते दोन्ही हातांनी डोक्यावर धरून राहिले. पलीकडच्या एका पारशी बाईंनी तर कारण न विचारता आपले पायही वर घेतले.

उकंडरावांना सावरून खाली आणेपर्यंत बाकी सगळे पांगले होते. साहेब नव्हते आणि गाठोडंही नव्हतं. साहेबांचं नावही विचारलं नव्हतं. मुहूर्ताला वेळ थोडा उरलेला, आता बहिणीला तोंड काय दाखवायचं? उकंडराव धडपडत दारापर्यंत आले, तर साहेब तिथे उभे. त्यांची मोटार लागलेली, ड्रायव्हर दार उघडून ताटकळलेला, कपाळावर घामाच्या धारा. आणि दोन्ही हातांवर गाठोडं.

"जमिनीवर ठेवायचं नाही म्हणालात ना?" ते त्रासून म्हणाले. "मग मी करणार काय? बसा गाडीत."

उकंडरावांनी त्यांना वाकून नमस्कार केला. साहेब "असू द्या, असू द्या" म्हणत होते, पण त्यांनाही बरं वाटलं असावं, कारण मीटिंगला उशीर होत असूनही त्यांनी मोटार दादरवरून नेली.

मांडवात पोचले तेव्हा मुहूर्ताला थोडाच अवकाश होता. पण वाजंत्री गप्प होती. नवरदेव मुंडावळ्या बांधून एकटाच बसला होता, गुरुजी घड्याळ बघत होते, आणि रंगराव दाराशी येरझाऱ्या घालत होते. उकंडराव गाठोडं घेऊन आत आले तसा सगळा मांडव त्यांच्या मागे बघू लागला. मागे कुणीच नव्हतं.

"मुलगी कुठं आहे?" रंगरावांनी विचारलं.

"म्हंजे?" उकंडराव म्हणाले. "आली नाही?"

आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्या गाड्या बंद झाल्या म्हणून ते विमानात बसले होते, त्यांतल्याच एका गाडीत सगळं वऱ्हाड होतं. नागपूरपासून दादरपर्यंत त्यांनी फक्त पिवळीचा विचार केला होता. नवरीचा विचार त्यांना एकदाही शिवला नव्हता.

तारा तुटल्यामुळे रंगरावांना काही निरोप आला नव्हता, वादळाचाही पत्ता नव्हता. मुलीकडचे ऐनवेळी फिरले असं समजून सोयरीक मोडायचे शब्द ते मनात जुळवत होते. उकंडरावांनी स्टेशन, काटा, फळी, कागदी पिशवी सगळं एका दमात सांगितलं. पिशवीचं सांगायची गरज नव्हती, पण ते सांगून गेले. रंगराव ऐकत राहिले. मग त्यांच्या मिशा हलू लागल्या आणि शेवटी ते पोट धरून हसले.

"अहो, जे लोक पातळ विमानानं पाठवतात, ते मुलगी पाठवणार नाहीत का?" ते गुरुजींना म्हणाले. "गोरज मुहूर्त काढा. आम्ही थांबतो."

मग उकंडरावांना असा पाहुणचार मिळाला की विचारू नका. त्यांनी जेवावं म्हणून गाठोडं रंगरावांच्या बायकोने मांडीवर घेतलं, तिच्याकडून नणंदेने, नणंदेकडून जावेने. विमानातून आलेली ओटी आपल्याही मांडीवर यावी म्हणून बायका रांग लावून बसल्या.

सूर्य कलताना वऱ्हाड आलं. मंजुळाबाई दारातच थबकल्या. आता हाकलून देतात की काय, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. रंगराव स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाले. गुरुजी घाई करू लागले. आणि रुख्मिणी टॅक्सीतून खाली उतरली, तेव्हा ती पिवळं पातळ नेसलेली होती.

सगळा मांडव एकदा पातळाकडे आणि एकदा गाठोड्याकडे बघू लागला. उकंडराव बायकांकडून गाठोडं परत घेऊन उभे होते.

"मग नेसली ती कुणाची पिवळी?" रंगरावांनी विचारलं.

"मामाचीच हाय," मंजुळाबाई ठामपणे म्हणाल्या. मग भावाच्या हातातलं गाठोडं त्यांना दिसलं. एक क्षण त्या गोंधळल्या, पण आवाज पडू दिला नाही. "अन् तेबी मामाचीच हाय."

बाजूला ओढून उकंडरावांनी विचारलं तेव्हा मंजुळाबाई हळूच बोलल्या. गाडी भुसावळला अडकली, तेव्हा सगळे मुहूर्ताच्या काळजीत होते; त्यांना काळजी पडली भावाची. "नागपूरची गाडीबी अडकलीच असन, तू पोचला नाही तं लोक तुलेच नावं ठेवतीन. म्हून बजारात जाऊन घेतली. मामानं पाठवली म्हून सांगणार होतो, बाप्पा. तुले मालूम पडू देणार नव्हतो."

गुरुजींनी अंतरपाट मागितला होता, पातळ बदलायला वेळ नव्हता. उकंडरावांनी तिथल्या तिथे बहिणीचा पदर पुढे ओढला आणि नागपूरची भरली ओटी तिच्या पदरात घातली.

"आता परत नको करू व अक्का," ते म्हणाले. "लय दुरून आणली."

मंजुळाबाईंनी रेशमी काठावरून हात फिरवला आणि पदर घट्ट धरला. त्या रडल्या, पण या वेळी त्यांनी काही परत दिलं नाही.

"बस आता खाली," एवढंच त्या म्हणाल्या. उकंडरावांनी रिकामे हात गुडघ्यांवर टेकले आणि ते मांडवाच्या जमिनीवर आरामात मांडी घालून बसले.