न वाळलेला कोट

अश्वजितने खाकी सुती कोटाला जवसाच्या तेलाचे तीन हात दिले, तेव्हा घरमालकीण रंगूबाई एवढंच म्हणाली, "मास्तर, दुकानात रेनकोट मिळत्यात." पण प्लॅस्टिकच्या रेनकोटात घाम येतो आणि तेल पाजलेल्या कापडातून वर्षानुवर्षं पाणी शिरत नाही, हे त्याने मोबाइलवर पाहिलं होतं. तेल आठवडाभर उन्हात वाळू द्यावं, असंही त्यात होतं. पोलादपुरात मात्र अठरा दिवस ऊनच नव्हतं. शनिवारी सकाळी कोट हाताला कोरडा लागला, तसा तो अंगात चढवून अश्वजित महाडच्या एसटीत बसला. अकरा वाजता मुलगी पाहायची होती. वडील दासगावहून परस्पर येणार होते.

गाडी गच्च भरलेली, खिडक्या बंद. अंगाच्या उबेने कोट तापला आणि आतलं तेल वर आलं. शेजारी कुडपणचे गोमाजी नावाचे म्हातारे होते. बसल्या बसल्या नाव-गाव सांगून ते अश्वजितच्या खांद्यावर झोपले. म्हाताऱ्या माणसाला उठवायचं तरी कसं, म्हणून तो हलला नाही.

"बाबा, उठा. महाड आलं."

गोमाजी उठायला गेले आणि अर्ध्यातच थांबले.

"साहेब, माजा कान सोडा."

"मी धरलेला नाही."

"मग कोनी धरलाय?"

कान, गाल आणि कल्ल्याचे पांढरे केस कोटाला डिंकाने चिकटवावेत तसे चिकटले होते. कोट काढावा, तर तो शर्टालाही धरून बसलेला. दोघे तिरके तिरके पायऱ्या उतरले. खाली मुलीचे वडील राजेंद्र छत्री घेऊन उभे होते. त्यांनी फोटोवरून अश्वजितला ओळखलं.

"जय भीम. त्रास नाही ना झाला?"

"जय भीम. काका, जरा एक अडचण आहे, हे..."

"घरी बसून बोलू. भिजाल." त्यांनी दोघांना रिक्षात घातलं.

"बाबा, मान हलवू नका," अश्वजित कुजबुजला. राजेंद्रना ते ऐकून भरून आलं. बापाचं डोकं खांद्यावर घेऊन मुलगी पाहायला येणारा मुलगा त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

"बाबा, तुम्ही तरी सांगा ना त्यांना."

"मोठ्यानं बोला. ह्या कानानं मला ऐकू येत नाय," गोमाजी म्हणाले. "ऐकू येनारा तुमच्याकडं हाय."

घरी पाहायची मुलगी, आम्रपाली, चहा घेऊन आली. गोमाजींनी तिरक्या तोंडाने एक घोट घेतला. "चांगली हाय," ते म्हणाले. राजेंद्रनी बायकोकडे, कमळाबाईंकडे, पाहिलं.

"काका, हे माझे..."

"कळतंय हो. बरं नसतानाही आले." राजेंद्र पुढे वाकले. "मग उद्याच, रविवारी, साखरपुडा उरकायचा का?"

कान सुटतोय का हे बघायला गोमाजींनी त्याच वेळी डोकं दोनदा वर-खाली केलं. कमळाबाईंनी पेढ्यांचा पुडा फोडला आणि पहिला पेढा त्यांच्या तोंडात घातला. अश्वजितला दरदरून घाम फुटला, त्याने कोट आणखी घट्ट बसला.

तेवढ्यात दारात एक गृहस्थ छत्री मिटत उभे राहिले. "जय भीम. उशीर झाला. मी रामा, अश्वजितचा बाप."

कमळाबाईंच्या हातातला दुसरा पेढा हातातच राहिला. रामाने मुलाच्या खांद्यावरचं पेढा खाणारं डोकं पाहिलं.

"हे कोण?"

"बसमध्ये भेटले," अश्वजित म्हणाला.

आम्रपाली एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने वाकून कोटाचा वास घेतला. "जवसाचं तेल. वाळलेलं नाही." तिने खोबरेल आणलं आणि बोटाने हळूहळू चोळत पाच मिनिटांत गोमाजींचा कान मोकळा केला. थोडे केस कोटावर राहिले.

"पण मग रविवार ठरवला कोणी?" राजेंद्र हताशपणे म्हणाले.

हे मात्र गोमाजींना स्वच्छ ऐकू आलं. "रविवारी मी मोकळाच हाय. पन कशाला?"

आम्रपाली अश्वजितकडे वळली.

"हात वर करा. हा कोट शर्टासकट कापावा लागेल."

त्याने मुकाट्याने दोन्ही हात वर केले.

"आणि बाबा, मला रविवार चालेल," असं वडिलांना म्हणत ती कात्री आणायला आत गेली.

दोन्ही बाप एकमेकांकडे बघत राहिले. अश्वजितचे हात तसेच वर होते.