भिवराबाईंची डेग

ऑडिटर उद्या येणार होते आणि संस्थेची तांब्याची डेग जागेवर नव्हती. बाकी सगळं होतं. पावत्या होत्या, सतरंज्या होत्या, मोडका पंखासुद्धा मोडका म्हणून नोंदवलेला होता. सचिव सुंदरराव मात्र वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत घाम पुसत होते.

मायबाप ऊसतोडीला गेले की त्यांची पोरं या वसतिगृहात राहतात. ती खातात ती ज्वारी अध्यक्ष उत्तरेश्वर यांच्या शेतातली, आणि डेगही त्यांनीच दिलेली, काठावर आईचं नाव कोरून. माणूस दिलदार, पण आईच्या बाबतीत भलता हळवा. डेग हरवल्याचा शेरा अहवालात पडला असता, तर ज्वारी बंद व्हायला वेळ लागला नसता.

आता एवढी मोठी डेग जाते कुठे? तर लग्नाला. उन्हाळ्यात पोरं घरी गेली की कुणीही यावं, डेग न्यावी आणि काम झालं की परस्पर पुढच्या लग्नघरी पोचवावी, अशी रीतच पडून गेलेली. परत आणून द्यायला डिझेल कोण जाळणार?

सुंदरराव भर उन्हात फटफटीवर निघाले. विचारत विचारत मांजरसुंब्याला अजिनाथच्या धाब्यावर पोचले.

“डेग व्हय? ती गेली की,” अजिनाथ म्हणाला. “पोरीच्या हळदीला आणलती. मंग केजच्या पाहुण्याचे पाहुणे घेऊन गेले.”

“नाव काय त्यांचं?”

“ते न्हाई इचारलं. माणूस चांगला वाटला.”

“मंग दिली कामून रं?”

“तुमी मला दिली तवा काय इचारलं होतं?”

परतीच्या वाटेवर सुंदररावांनी मंडपवाल्या हरिबाची तशीच डेग भाड्यानं उचलली. घरी आणून बघतात तर पोटावर तेलरंगात ‘हरिबा मंडप’, एवढी मोठी अक्षरं. सुंदररावांनी कपाळाला हात लावला.

“अहो, चुलीवर चढवा,” त्यांची बायको वनमाला म्हणाली. “काळी झाल्यावर कोण वाचतंय?”

“रिकामीच चढवू?”

“डाळ टाका की.”

दुसऱ्या दिवशी ऑडिटरसाहेब आले तेव्हा वसतिगृहाच्या चुलीवर डेगीत गावजेवणाला पुरेल एवढं वरण रटरटत होतं. साहेब केजचे, चष्मेवाले, कडक. सतरंज्या त्यांनी उलगडून बघितल्या, पंखा हलवून बघितला. शेवटी चुलीपाशी आले.

“सुट्टी आहे ना? मग एवढं वरण कुणासाठी?”

“तुमच्यासाठी, साहेब,” सुंदररावांच्या तोंडून निघून गेलं.

साहेबांनी वरणाचा वास घेतला, यादीत डेगीपुढे ‘आढळली’ असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. सुंदररावांचा जीव भांड्यात पडला. पण पेन खिशाला लावता लावता साहेबांनी सहज विचारलं, “देणाऱ्यानं नाव घातलेलं नाही वाटतं?”

“हाय की. अध्यक्षांच्या आईचं, भिवराबाईंचं. धुरानं झाकलंय.”

साहेब हसले. “अहो, नाव काठावर आहे, तिथं धूर कसा लागेल? मी स्वतः वाचलंय, परवा आमच्या मुलीच्या लग्नात...”

साहेबांनी जीभ चावली.

“कुणाच्या लग्नात, साहेब?” वनमालानं हळूच विचारलं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “पाहुण्यांनी आणली होती. कुणाची ते मी विचारलं नाही.”

“असू द्या,” सुंदरराव म्हणाले. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या आवाजाला धार आली होती. “उद्या जीपमधी टाकून पाठवा.”

“तीच तर अडचण आहे,” साहेब पडेल आवाजात म्हणाले. “ती आता माझ्याकडं नाही. शेजारचे एक जण जावळाला घेऊन गेले. तिथून पुढं कुठं गेली, देव जाणे.”

सुंदररावांनी सहीकडे बोट दाखवलं. “साहेब, तुमी आढळली म्हणून लिवलंय. आता आढळली पायजे.”

साहेबांनी घाईनं पिशवी उचलली. तोवर वनमालानं पाट मांडला होता.

“दोन घास खाऊन निघा, भाऊ,” ती म्हणाली. “उन्हाचं लई फिरावं लागतंय.”